जीर्णोद्धाराचा अधिकार

जुन्या वस्तूची डागडुजी करणे हे पुण्यकर्म होय, असे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पडके देऊळ उभे करावे, बुजलेली विहीर उपसावी, खचलेला घाट बांधून काढावा; असे करणाऱ्याचे नाव लोक दगडावर कोरून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु दुरुस्ती करणारा मनुष्य जी वस्तू वाचवावयास निघाला तिलाच पुष्कळदा नाहीशी करतो, आणि तेही निर्मळ अंतःकरणाने करतो, ही गोष्ट मात्र आपणांस सहसा कोणी सांगत नाही. मागच्या पिढ्यांनी जे आपल्या स्वाधीन केले, त्यात फेरफार करण्याचा आपला अधिकार किती, हा प्रश्न वरवर पाहता पोथीतला वाटतो. माझ्यापुढे तो पोथीतून आला नाही. एका परक्या देशातील लहानशा गावी, तेथील चर्चमध्ये, शिशाच्या पत्र्यावर उमटलेल्या एका ओरखड्याच्या रूपाने तो माझ्यापुढे उभा राहिला. म्हणून त्या चर्चची हकीकत प्रथम सांगतो. प्रश्नाकडे मग वळू.

ऑक्सफर्डच्या पश्चिमेस सुमारे वीस मैलांवर, विंडरश नावाच्या लहान नदीच्या काठी, बर्फर्ड हे गाव आहे. गावचा मुख्य रस्ता उतरणीने नदीकडे जातो, आणि तो जेथे संपत येतो त्याच्या एका बाजूस सेंट जॉन द बॅप्टिस्ट ह्या संताच्या नावाचे पॅरिश चर्च लागते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धर्मव्यवस्थेत मोडणारे गाव व भोवतालची वस्ती. मध्ययुगात इंग्लंडातील मनुष्याचा बाप्तिस्मा, विवाह आणि दफन ही तिन्ही साधारणतः ह्याच एका जागी होत. तेव्हा पॅरिश चर्च हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. आपल्याकडे देऊळ, चावडी आणि स्मशान ह्या तिहींशी मनुष्याचे जे नाते असते, ते सारे तेथे एकाच आवारात एकवटलेले असे.

बर्फर्डचे चर्च कोणा एकाने, एका काळी, एका नकाशाप्रमाणे बांधलेले नाही. त्याच्या मनोऱ्याचा खालचा भाग बाराव्या शतकातील आहे. तेथे नॉर्मन पद्धतीच्या जाड भिंती आणि अर्धवर्तुळाकार कमानी दिसतात. त्याच मनोऱ्यावर पंधराव्या शतकातील लोकांनी आणखी मजला चढविला आणि वर निमुळते होत जाणारे उंच दगडी शिखर उभारले. मधल्या काळात कॉट्सवोल्ड टेकड्यांवरील मेंढ्यांच्या लोकरीने हा सारा प्रदेश श्रीमंत झाला होता. बर्फर्डच्या व्यापाऱ्यांची श्रेणी इंग्लंडातील अगदी आरंभीच्या श्रेणींपैकी एक. तिने आपले स्वतंत्र उपमंदिर चर्चच्याच आवारात, पण त्याच्यापासून अलग आणि जरासे तिरपे, बांधले होते. पंधराव्या शतकात मधली जागा भरून काढून ते चर्चला जोडून घेण्यात आले. तो तिरपेपणा अजून तसाच आहे. त्याच शतकात दक्षिणेच्या दारापुढे तीन मजली देवडी आली. तिच्या दर्शनी दगडावर कोरीव कामाची जी श्रीमंती आहे, तीवरून लोकरीचा भाव त्या काळी काय असेल ह्याची कल्पना येते. बाहेर आवारातील काही थडग्यांच्या माथ्यावर वळ्या पडलेल्या गोल गठ्ठ्यांसारखे दगड आहेत. ते लोकरीचे गठ्ठेच होत, असे गावकरी सांगतात.

पुढे सोळाव्या शतकात धर्मक्रांती झाली. १५४७ साली सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर देशभरच्या चर्चांतून मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम सुटला, भिंतींवरील चित्रांवर चुना फासण्यात आला, आणि श्रेणींनी धर्मकृत्यांसाठी राखून ठेवलेल्या मिळकती सरकारजमा झाल्या. ह्या उलथापालथीत ज्यांचे भाग्य उघडले त्यांत आठव्या हेन्रीचा न्हावी एडमंड हार्मन हा एक होता. त्याने १५६९ साली, स्वतः जिवंत असतानाच, ह्या चर्चमध्ये आपल्या कुटुंबाचे स्मारक बसविले. त्यावर त्याची सोळा मुले गुडघे टेकून बसली आहेत, आणि वरच्या बाजूस, नवलाची गोष्ट अशी की, अमेरिकेतील आदिवासी कोरलेले आहेत. कोणा फ्लेमिश कारागिराच्या नमुन्यावरून ती चित्रे उतरविली असावीत, असे अभ्यासक म्हणतात. ज्याने महासागर पाहिलाही नसेल अशा कोणा पाथरवटाने इंग्लंडच्या ऐन मध्यभागी ही माणसे कोरून ठेवावीत, ही योजना कोणी जाणूनबुजून आखली नसती.

दुसरे स्मारक सर लॉरेन्स टॅनफील्ड ह्या न्यायाधीशाचे. ह्या गृहस्थाने १६१७ साली गावची जमीनदारी विकत घेतली आणि लवकरच कोर्टाच्या मार्गाने गावचे पिढीजात हक्क हिरावून घेतले; ज्या कोर्टाचा तो स्वतः मुख्य न्यायाधीश होता, त्याच कोर्टाच्या मार्गाने. तो १६२५ साली वारला. त्याच्या विधवेने १६२८ साली त्याच्यासाठी खांब, छत्र आणि पुतळे ह्यांनी लादलेले एक अवाढव्य थडगे आत बांधविले. त्यासाठी तिने कोणाची परवानगी घेतली नाही, असे सांगतात. गावाने ज्याचा द्वेष केला त्याच्या थडग्याने गावच्या देवळातील एक अख्खे उपमंदिर अडविले आहे.

आता त्या ओरखड्याकडे येतो. १६४९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाचा शिरच्छेद केला. परंतु ज्या शिपायांच्या बळावर हे झाले त्यांचा पगार थकला होता, आणि त्यांतील पुष्कळांना आता आयर्लंडवर स्वारीला जाण्याचा हुकूम झाला. शिपायांत लेव्हलर नावाच्या पंथाची मते पसरली होती. कायद्यापुढे सर्व समान असावे, मताचा अधिकार पुष्कळ विस्तृत करावा, धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी, असे हे लोक म्हणत. काही पलटणींनी हुकूम मोडला. मे महिन्याच्या १३ तारखेच्या रात्री क्रॉमवेलने बर्फर्ड येथे त्यांना झोपेत गाठले आणि सुमारे ३४० शिपाई ह्या चर्चमध्ये कोंडले. १७ मे रोजी त्यांतील तिघांना बाहेर आवारात नेऊन गोळ्या घातल्या. बाकीच्यांनी ते चर्चच्या छपरावरून पाहावे अशी व्यवस्था केली होती. त्या मधल्या दिवसांत अँथनी सेडली नावाच्या एका कैद्याने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या शिशाच्या अस्तरावर आपले नाव, १६४९ हा सन आणि आपण कैदी आहोत एवढे अक्षर कोरले. 'कैदी' हा शब्द त्याने चुकीचा लिहिला आहे. ती अक्षरे आजही वाचता येतात.

मी त्या कुंडापाशी बराच वेळ उभा होतो. ज्या भांड्यात शतकानुशतके गावची नवजात मुले धर्मात घेतली जात, त्याची ही विटंबनाच नव्हे काय? त्या वेळच्या धर्मोपदेशकाला ती तशीच वाटली असेल. परंतु आज त्या चर्चमधील सगळ्या कोरीव कामापेक्षा हा ओरखडाच मनाला अधिक भिडतो. टॅनफील्डच्या संगमरवराला जे सांगता आले नाही ते ह्या चार अक्षरांनी सांगितले: उद्या आपण जिवंत असू की नाही हे ठाऊक नसलेला एक मनुष्य येथे होता, आणि आपण होतो हे कोणास तरी कळावे असे त्याला वाटले.

आता ह्या कथेतील शेवटचे पात्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात चर्चांच्या जीर्णोद्धाराची एक मोठी लाट आली. १८३९ साली केंब्रिज येथे निघालेल्या कॅम्डेन सोसायटीने असे प्रतिपादले की, सुमारे १३०० सालच्या आगेमागे इंग्लंडातील गॉथिक शिल्प परिपूर्णतेस पोहोचले होते. त्यानंतर झाला तो ऱ्हास. मग काय! ठिकठिकाणी धर्मोपदेशकांनी आणि वास्तुविशारदांनी आपापली चर्चे त्या 'शुद्ध' काळाकडे परत न्यावयास आरंभ केला. उशिराच्या खिडक्या काढून आधीच्या धर्तीच्या नव्या बसविल्या. सतराव्या-अठराव्या शतकांतील लाकडी आसने मोडली. जुना गिलावा खरवडून आतला दगड उघडा पाडला. ह्यांत दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. पुष्कळ चर्चे खरोखरीच गळत होती, पडत होती. आणि ज्यांनी पदरचे पैसे घातले ते भाविक लोक होते. परंतु परिणाम चमत्कारिक झाला. धर्मक्रांतीच्या वेळी मूर्तिभंजकांनी ज्या चित्रांवर चुना फासला ती त्या चुन्याखाली तीनशे वर्षे जगली होती. भाविकांनी तो चुना गिलाव्यासकट खरवडला, तेव्हा ती कायमची नष्ट झाली. शत्रूने झाकले आणि मित्राने पुसले.

बर्फर्ड येथे ही दुरुस्ती जॉर्ज एडमंड स्ट्रीट ह्या नामांकित वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली १८७० नंतरच्या वर्षांत चालली होती. १८७६ साली त्या वाटेने जात असता कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस तेथे थांबला. ह्याच स्ट्रीटच्या कचेरीत त्याने वीस वर्षांपूर्वी, १८५६ साली, उमेदवारी केली होती. चाललेले काम पाहून तो संतापला आणि त्याने व्हिकरकडे हरकत घेतली. त्यावर व्हिकरने जे उत्तर दिले म्हणून सांगतात त्याचा आशय असा की, चर्च माझे आहे, आणि माझ्या मनात आले तर मी त्यात डोके खाली आणि पाय वर करून उभा राहीन. पुढच्याच वर्षी, मार्च १८७७ मध्ये, ट्यूक्सबरी येथील मठमंदिराचा असाच जीर्णोद्धार होणार, ही वार्ता वाचून मॉरिसने वृत्तपत्रात पत्र लिहिले, आणि त्याच महिन्यात प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. ती आजही कार्य करीत आहे. तिच्या सभासदांनी थट्टेने तिला 'खरवड-विरोधी' असे नाव ठेवले होते.

व्हिकरच्या त्या उत्तरास आपण हसतो. पण ते अगदीच पोकळ नव्हते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे पॅरिशच्या धर्मोपदेशकाकडे, तो त्या पदावर असेपर्यंत, चर्चचे स्वामित्व असते. तथापि त्या स्वामित्वाला मर्यादाही पूर्वापार आहेत. फेरबदल करावयाचा तर बिशपच्या धर्मन्यायालयाची परवानगी लागते; आणि जेथे उपासक बसतात त्या मुख्य दालनाच्या दुरुस्तीचा भार परंपरेने गावकऱ्यांवर असे. म्हणजे 'माझे' ह्या शब्दाचा अर्थ तेथे 'माझ्या हवाली केलेले' असा आहे. व्हिकरने कायदा सांगितला, पण अर्धाच.

कायदा बाजूस ठेवून आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या वादाला तत्त्वज्ञानात जुनी पीठिका आहे. फ्रान्समधील राज्यक्रांती पाहून एडमंड बर्कने १७९० साली असे मांडले की, समाज हा केवळ जिवंत माणसांचा करार नव्हे. जे गेले, जे आहेत आणि जे यावयाचे आहेत अशा तिघांचा तो करार आहे. पुढच्याच वर्षी टॉमस पेनने त्यास उत्तर दिले की, मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करावे ही सर्वांत हास्यास्पद जुलूमशाही होय. प्रत्येक पिढी आपल्यापुरती स्वतंत्र आहे. इमारतींच्या बाबतीत रस्किनने १८४९ साली बर्कचीच बाजू अधिक तीव्रतेने मांडली: जुन्या इमारती आपल्या नव्हेतच, त्या काही अंशी बांधणाऱ्यांच्या आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सर्व पिढ्यांच्या आहेत.

ह्या दोन पक्षांपैकी कोणता स्वीकारावा? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर मला दोन्ही अपुरे वाटतात. मृतांचा हक्क अबाधित मानला तर बर्फर्डचे चर्च आज आहे तसे झालेच नसते. पंधराव्या शतकातील लोकांनी नॉर्मन मनोऱ्यावर शिखर चढविताना बाराव्या शतकातील लोकांस विचारले नाही. श्रेणीचे उपमंदिर जोडून घेताना ते मूळ अलग का बांधले होते ह्याचा फारसा विचार केला असे दिसत नाही. ज्याला आपण आज परंपरा म्हणून कवटाळतो ती परंपरा मोडण्यानेच घडली आहे. उलट, जिवंतांचा हक्क निरंकुश मानला तर सेडलीचा ओरखडा कोणाही व्हिकरने एका सकाळी शिसे वितळवून नाहीसा केला असता, आणि आपणांस तक्रारीस जागा राहिली नसती. गंमत अशी की सेडली आणि त्याचे साथी स्वतः पेनच्या पक्षाचे, पेनच्या पूर्वीचे. नॉर्मन राजांनी लादलेले जुने कायदे आम्हांस का बांधावेत, असा लेव्हलरांचा सवाल होता. भूतकाळाचे जोखड झुगारू पाहणारा तो शिपाई आज स्वतःच भूतकाळ होऊन बसला आहे, आणि आपल्याकडे आश्रय मागतो आहे.

मला वाटते, चूक एका दृष्टान्तात आहे. जुन्या इमारतीला आपण मृत्युपत्रासारखे मानतो. मृत्युपत्र आज्ञा करते, आणि मग ती आज्ञा पाळावी की मोडावी असा वाद सुरू होतो. परंतु इमारत आज्ञा करीत नाही. ती साक्ष देते. साक्षीदाराची आज्ञा पाळण्याचे आपणांवर बंधन नाही. तो म्हणेल ते मान्य केलेच पाहिजे असेही नाही. त्याच्या शेजारी उभे राहून आपण आपली वेगळी साक्ष देऊ शकतो. दोन गोष्टी मात्र करता येत नाहीत. त्याचे तोंड बंद करता येत नाही, आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालता येत नाहीत. पहिली जुलूमात जमा होईल, दुसरी खोट्या साक्षीत.

ह्या कसोटीवर पाहिले म्हणजे गोंधळ बराच निवळतो. पंधराव्या शतकातील गवंड्याने शिखर बांधले ते आपल्या काळच्या भाषेत बांधले. ते पाहून कोणी त्याला बाराव्या शतकातील समजत नाही. हार्मनने आपली मुले आणि ते अमेरिकन आदिवासी बसविले. ती त्याची साक्ष. टॅनफील्डच्या विधवेने दांडगाई केली हे खरे, पण ती दांडगाईसुद्धा आपल्याच नावाने केली, आणि म्हणून तीही आज आपणांस काही खरे सांगते: त्या काळी सत्ता कशी वागत असे, हे. धर्मक्रांतिकारकांनी मूर्ती फोडल्या. त्यांनी साक्षीदाराचे तोंड बंद केले, हा त्यांचा अपराध मोठाच आहे. परंतु आम्ही हे केले, असे ते उघड म्हणाले. एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारकाची गोष्ट निराळी. त्याने पंधराव्या शतकाची खरी खिडकी काढली आणि १३०० सालच्या धर्तीची, कालच घडविलेली, तिच्या जागी बसवून सांगितले की, ही पाहा जुनी खिडकी. तो सज्जन होता, विद्वान होता. आणि नेमके त्यामुळेच त्याची खोटी साक्ष पकडणे कठीण झाले. अज्ञानी मनुष्य जे बिघडवितो ते दिसते. विद्वान मनुष्य जे बिघडवितो ते पुष्कळदा सुधारणेसारखे दिसते.

येथवर मी मॉरिसच्या बाजूने बोललो. परंतु व्हिकरच्या बाजूने बोलणारा कोणी तरी हवा, कारण त्याची बाजू वाटते तितकी हलकी नाही. मॉरिस वाटसरू होता. तो चर्च पाहून पुढे गेला. व्हिकरला मात्र पुढच्या रविवारी त्याच भिंतींत उपासना चालवावयाची होती. त्याच्या दृष्टीने ती इमारत साक्षीदार नव्हती, ते देवाचे घर होते. आणि देवाच्या घरात ओल, कुजकी लाकडे आणि अंधार का असावा, असे त्याने विचारले तर त्यास काय उत्तर द्यावे? उपासना न करणाऱ्याने उपासकास त्याचे देऊळ कसे असावे हे सांगावे, ह्यात एक प्रकारचा उर्मटपणा आहेच.

हा आक्षेप किती गंभीर आहे हे बर्फर्डहून थोड्याच मैलांवर कळते. थेम्स नदीच्या वरच्या अंगास, लेचलेड गावाजवळ, इंगलशॅम नावाचे खेडे आहे. तेथील चर्चही सेंट जॉन द बॅप्टिस्टचेच आहे. ते लहानसे असून बरेचसे तेराव्या शतकातील आहे. आत मेरी आणि बाळ येशू ह्यांचे त्याहूनही प्राचीन, सॅक्सन काळातील कोरीव शिल्प आहे. जुनी, कठडे घातलेली लाकडी आसने आहेत. आणि भिंतींवर निरनिराळ्या शतकांची चित्रे व अक्षरे एकावर एक अशी थरांनी साचली आहेत. एकाचा रंग उडाला तेथे दुसऱ्याचे अक्षर डोकावते. मॉरिस जवळच केल्म्स्कॉट येथे राहत असे. ह्या चर्चवर त्याचे प्रेम होते, आणि १८८८-८९ साली त्याच्याच खटपटीने ते खरवडल्यावाचून, बदलल्यावाचून, केवळ सावरून धरण्यात आले. इंग्लंडात मॉरिसच्या मताचे मूर्त उदाहरण पाहावयाचे तर तेथे जावे. परंतु आज ते गावचे नित्य उपासनेचे चर्च राहिलेले नाही. वस्ती ओसरली, आणि वापरात नसलेली चर्चे सांभाळणाऱ्या एका संस्थेकडे ते सोपविण्यात आले आहे. ज्याचा गिलावा खरवडला गेला त्या बर्फर्डच्या चर्चमध्ये मात्र आजही उपासना होते, लग्ने लागतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. आणि १९७५ पासून दर वर्षी मे महिन्यात त्या गोळ्या घातलेल्या शिपायांच्या स्मरणार्थ गावात लोक जमतात.

मग कोण जिंकले? साक्ष शाबूत राहिली तेथे ऐकणारे थोडे, आणि ऐकणारे आहेत तेथे साक्ष अर्धवट. ह्यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतील की वस्तू जिवंत ठेवावयाची तर ती बदललीच पाहिजे. मला तो मान्य नाही. इंगलशॅम ओस पडले ते गिलावा राखल्यामुळे नव्हे, गाव राहिले नाही म्हणून. आणि बर्फर्ड जिवंत राहिले ते खरवडल्यामुळे नव्हे. पण एवढे मात्र मी कबूल करतो की साक्षीदाराला ऐकणारा लागतो, आणि जो रोज ऐकतो त्याचा, म्हणजे उपासकाचा, मान वाटसरूपेक्षा अधिक आहे. मॉरिसच्या संस्थेचे म्हणणेही, नीट पाहिले तर, ह्याच्या विरुद्ध नव्हते. जीर्णोद्धाराच्या जागी रोजची काळजी असावी, एवढेच ते म्हणत होते. आमच्या कोकणात पावसाळ्याच्या तोंडी दर साल घरावरची कौले चाळतात. फुटकी काढतात, चांगली तशीच ठेवतात. जो दर साल कौले चाळतो त्याच्यावर घर पाडून नवे बांधण्याची पाळी सहसा येत नाही. व्हिकरच्या चर्चमध्ये ओल होती ती त्याच्या आधीच्या पुष्कळांनी कौले चाळली नाहीत म्हणून. शंभर वर्षांच्या आळसाची भरपाई एका वर्षाच्या उत्साहाने करावयास निघाले म्हणजे हे असे होते.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, ही सारी पाश्चात्त्यांची चिंता. आमच्याकडे भंगलेली मूर्ती विसर्जन करून नवी स्थापन करावी असे शास्त्रच सांगते, दगडाच्या जुनेपणाचे आम्हांस काय? हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो माझ्या कसोटीच्या आड येत नाही. जपानातील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. पण ते नवे आहे हे सर्वांस ठाऊक असते, तेथे कोणी नव्याला जुने म्हणत नाही. आपल्या वेरूळचेच पाहा. घृष्णेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. हाकेच्या अंतरावर आठव्या शतकातील कैलास लेणे उभे असता त्यांच्या कारागिरांनी त्याची नक्कल केली नाही. आपल्या काळास साजेल असे देऊळ बांधले. तेव्हा जीर्णोद्धाराची आपली परंपरा खोट्या साक्षीची नव्हती. नव्याने नवेपणाने उभे राहावे, ही ती परंपरा होती. उलट, उद्धाराच्या हेतूनेच अपाय कसा होतो ह्याचे उदाहरणही शेजारीच आहे. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजामाच्या सरकारने १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले. ते काळाने पिवळे व काळसर पडले, आणि पुढच्यांस ते काढीत बसावे लागले. सर जॉन मार्शल ह्यांनी १९२३ साली हिंदुस्थानातील पुराणवस्तुखात्यासाठी जी नियमपुस्तिका लिहिली तीतही हाच धडा आहे: अस्सलपणा गेला की इमारतीचे ऐतिहासिक मोल गेले. बर्फर्डच्या त्या भांडणाचा आवाज अशा रीतीने आपल्या लेण्यांपर्यंत येऊन पोहोचला.

हे सारे मी एखाद्या न्यायाधीशाच्या आवाजात लिहिले आहे, असे वाचकांस वाटले असेल. तसे वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप लाकडी खांबांचा होता. त्यांतील एका खांबावर, मनुष्याच्या खांद्याच्या उंचीवर, कोणी तरी मोडीत दोन ओळी कोरलेल्या होत्या. लहानपणी आम्ही त्यांवरून बोटे फिरवीत असू. आमच्या पिढीत मोडी वाचणारे कोणी उरले नव्हते. एखाद्या जाणत्याला आणून त्या वाचवून घ्याव्या, असे मी अनेक वर्षे मनात म्हणत होतो. पुढे गावात मंडपाच्या दुरुस्तीची सभा भरली. खांबांना वाळवी लागली होती, पैसे जमले होते, सर्वांना उत्साह होता. सिमेंटचे खांब आणि चकचकीत फरशी असा ठराव आला. शिकलेला म्हणून मला मत विचारले, आणि मी हात वर केला. त्या खांबाची आठवण मला झाली नाही असे नाही. झाली, पण अशा मंगल प्रसंगी दोन ओळींसाठी खोडा काय घालावयाचा, असे वाटले. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा खांब कोठे गेला हे कोणास सांगता आले नाही. बहुधा कोणाच्या तरी चुलीत गेला असावा.

त्या ओळींत काय होते? कदाचित कोणाचे देणे-घेणे असेल, कदाचित नवस असेल, कदाचित कोणा टवाळाचे नुसते नाव. काही का असेना, कोणी तरी आपण होतो असे सांगितले होते, आणि ते ऐकून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. मंडप आता स्वच्छ आहे, कोरडा आहे, उत्सवाला पूर्वीपेक्षा अधिक माणसे मावतात. गावकरी समाधानी आहेत आणि त्यांचे समाधान खोटे नाही. नवे खांब उभारले ह्याचे मला दुःख नाही. तो एक खांब एका कोपऱ्यात उभा करून ठेवावयास चार हात जागा पुरली असती, एवढेच दुःख आहे.

म्हणून जीर्णोद्धाराच्या अधिकाराविषयी मला शेवटी एवढेच म्हणावयाचे आहे. जोडण्याचा अधिकार आपणांस आहे, गरजेप्रमाणे बदलण्याचाही आहे, आणि तो जिवंत माणसाचा अधिकार कोणा मृताने हिरावून घेऊ नये. परंतु जे एकदा गेले की परत येणार नाही, त्याच्यावर हात टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेणे हे आपले कर्तव्य आहे. आणि ते आपणांस वाचता येत नसेल, तर ज्याला पुढे कधी तरी वाचता येईल त्याच्यासाठी ते राखून ठेवणे, हे त्याहून मोठे कर्तव्य आहे. बर्फर्डच्या त्या कुंडाशेजारून त्या गावचे किती तरी धर्मोपदेशक गेले असतील. त्यांतील कित्येकांस तो ओरखडा खुपलाही असेल. त्यांतील एकानेही शिसे गुळगुळीत करून घेतले नाही. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पण त्या दिवशी कुंडापाशी उभा असता सेडलीच्या खालोखाल मला त्यांचीच आठवण झाली, आणि मग आमच्या खांबाची.